हँडसेटमधलं इस्लामपूर

पीटीचे सर गळ्यात शिट्टी घालतात, नवरदेव सासऱ्याने दिलेली चेन घालतो. आमच्या गल्लीतले सुभेदार आण्णा गळ्यात दुर्बिणीचा रिमोट घालून दूध आणायला जायचे. शप्पथ. दुर्बीण घरी, गच्चीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. रिमोट मात्र काळ्या दोरीने गळ्यात, आणि त्याची ती वेटोळ्या-वेटोळ्यांची वायर बनियनच्या आत खोचलेली. का, तर "मशीन कुणी बी पळवंल, पर कमांड आपल्याकडं पायजे."

आणि रिमोट म्हणायचं नाही हां. मी एकदाच म्हटलं.

"पोरी, रिमोट टीव्हीचा आसतोय. ह्यो हँडसेट हाय."

आण्णा फौजेत सिग्नलला होते. त्यामुळे बटणं असलेली कुठलीही वस्तू हातात आली की त्यांचा आवाज बदलायचा. मिक्सर लावतानाही ते "सेट रेडी" म्हणायचे असं हौसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची. आता 'सुभेदार'चं पण सांगूनच टाकते. आण्णा रिटायर झाले ते नायब सुभेदार म्हणून. त्यातलं 'नायब' पुण्याहून येताना एसटीच्या खिडकीतून कुठेतरी उडालं, आणि ते शोधायला आण्णा काही परत गेले नाहीत.

दुर्बीण पाठवली त्यांच्या कॅनडातल्या पोराने, सुधीरदादाने. बापाचा वेळ जावा म्हणून. बापाचा वेळ गेलाच, पण सोबत अख्ख्या गल्लीचा गेला.

ही साधी दुर्बीण नव्हती, कॉम्प्युटरवाली होती. म्हणजे कसं, तुम्ही तिला सांगायचं की मी अमुक गावात उभा आहे, आज अमुक तारीख, इतके वाजलेत. मग एक ठळक तारा दाखवायचा. तो भिंगात मधोमध आणून बटण दाबलं की हँडसेटच्या दोन ओळींच्या पडद्यावर लाल अक्षरात 'सक्सेस' असं येतं. मग नुसतं 'शनी' निवडायचं, बटण दाबायचं, आणि मशीन घुर्रर्र करत आपोआप शनीकडे वळतं. लय भारी प्रकार. फक्त एक आहे. मशीनला डोळे नसतात. तुम्ही जे सांगाल ते ते खरं मानतं, आणि सक्सेस म्हणतं.

थोडक्यात, आमच्या गल्लीसारखं.

आमच्या गल्लीत कुणी नाही म्हणत नाही. वर्गणीला 'बघू' म्हणतात, लग्नाला 'येतो की' म्हणतात, आणि सुभेदार आण्णांना 'व्हय' म्हणतात. त्यामुळे दिवाळीनंतरच्या त्या पहिल्या संध्याकाळी आण्णांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं तेव्हा काय होणार ते ठरलेलंच होतं. आण्णा इस्त्रीच्या शर्टात. काठीने रांग लावलेली. परेडच्या आवाजात, "सक्सेऽऽस!" मशीन घुर्रर्र. "टारगेट शनी. एकेकानं यायचं. दिसलं की दिसलं म्हणायचं. चला!"

किराणा दुकानवाले पोपटकाका वाकले. "दिसलं! आयला, काय तेज हाय!"

"कडं दिसलं का?"

"कडं तर काय विचारूच नका!"

टेलरकाकींनी तर डोळा लावायच्या आधीच हात जोडले. शनी महाराज म्हटल्यावर घरून वाटीत तेल घेऊन आल्या होत्या. "सुभेदार, तेल कुठं वाहायचं?"

"तेल न्हाई! मागं व्हा! आप्टिक हाय ते!"

माझा नंबर आला. मला एक पांढरा ठिपका दिसला. मी म्हटलं, "भारी, आण्णा!" ठिपका भारीच होता.

मग आण्णांनी जिन्यातून खाली हाक मारली. "अगं ये! ये, बघून जा. भाकरी काय पळून जातीया?"

हौसाकाकी पिठाच्या हातांनी वर आली. पदराला हात पुसले, एक डोळा हाताने झाकला, वाकली. लय वेळ बघितलं. आमच्यात कुणीच एवढा वेळ बघितलं नव्हतं, कारण आम्हाला 'दिसलं' म्हणायची घाई होती.

"न्हाई," काकी म्हणाली.

"न्हाई म्हंजी?"

"ठिपका हाय. कणीएवढा."

"आन कडं?"

"कडं न्हाई."

"अगं समद्या गल्लीला दिसलं!"

"मग गल्लीलाच इचारा की. माझी भाकरी करपतीया." आणि ती गेली पण.

बास. त्या दिवसापासून आण्णांच्या आयुष्यात एकच टारगेट उरलं. अख्ख्या इस्लामपुरात शनीचं कडं न दिसलेलं एकच माणूस होतं आणि ते नेमकं त्यांच्याच घरात भाकऱ्या करत होतं. पोपटकाका दुकानात गिऱ्हाइकांना शनीचा रंग सांगत होते. आण्णांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांना काकीचं 'दिसलं' पाहिजे होतं.

मी एकदा काकीला विचारलं. ती पावटा सोलत बसली होती. म्हटलं, "काकी, म्हणून टाकायचं की दिसलं. आण्णा खूश झाले असते."

काकी सोलता सोलता म्हणाली, "हे बॉर्डरवर हुतं तवा फोन करायचं. मागं ढाम ढाम आवाज. मी इचारायची, बरं हाय का? ह्ये म्हणायचं, सगळं ओके. मी म्हणायची, हितं बी ओके. हितं ऊस पेटलेला आसायचा, सासू दवाखान्यात आसायची. तरी ओके. लय वर्सं दोगं बी ओके-ओके करत बसलो बघ. आता रिटायर झाल्यात. आता न्हाई दिसलं तर मी न्हाईच म्हणणार." आणि वर, "कीड बघ त्या शेंगंत. मला दिसतीया हितनं."

बरं, आता आण्णांची सगळ्यात मोठी बढाई सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. हँडसेटमध्ये जगातल्या गावांची यादी असते. आपलं गाव त्यातून निवडायचं. आणि आण्णांचं म्हणणं, त्या यादीत इस्लामपूर आहे. परदेशी मशीनमध्ये! एकदा निवडलं की ते मशीन लक्षात ठेवतं, त्यामुळे पुन्हा बघायची गरज नाही. आण्णांनी पहिल्याच दिवशी निवडलं होतं.

ही बातमी त्यांनी ज्याला सांगितली नसेल असा माणूस शोधायला पण दुर्बीण लागेल. त्यांचे साताऱ्याचे साडू वकील आहेत. ते आले की आण्णांना चेव यायचा.

"वकीलसाहेब, मशीनमधी मुंबई हाय, दिल्ली हाय, आन इस्लामपूर हाय. सातारा न्हाई!"

"अहो, छत्रपतींची राजधानी आमची!"

"आसंल की. मशीनला ठाव न्हाई त्ये."

"बघू तरी, दाखवा."

"दाखवायचं न्हाई. सेट फील्डवर नसताना उघडायचा न्हाई. रूल हाय." आणि हँडसेट बनियनमध्ये.

आण्णा तो पडदा कुणालाच दाखवायचे नाहीत. खरं म्हणजे त्यांना स्वतःलाही तो नीट दिसत नव्हता. जवळचा चष्मा लागला होता, पण तो ते चारचौघात घालायचे नाहीत. "फौजी नजर हाय," म्हणायचे. फौजी नजरेला लग्नपत्रिका हात लांब करकरून वाचायला लागायची, आणि हात संपले की "कुणाचं लगीन हाय?" असं आम्हालाच विचारायचे.

तर मोहीम सुरू झाली. रोज संध्याकाळी सक्सेऽऽस, घुर्रर्र, आणि मशीन कुठेतरी जाऊन थांबायचं. कधी पाण्याच्या टाकीवर. कधी पोपटकाकांच्या न्हाणीच्या खिडकीवर, त्यावरून पोपटकाकी आठवडाभर बोलत नव्हत्या. आण्णा मात्र ठाम. "मशीन बरोबर हाय. शनी टाकीमागं हाय."

मी एकदा फोन वर धरला. मोबाईलमध्ये ते आकाशाचं ॲप असतं ना, फोन जिकडे धराल तिकडचे तारे सांगणारं. म्हटलं, "आण्णा, ॲप म्हणतंय शनी इकडे आहे. चांगला उघड्यावर. तो बघा, पिवळसर."

आण्णांनी तिकडे मानही वळवली नाही. "तुझं ॲप केवढ्याचं?"

"फुकट आहे."

"मग झालं."

आणि मग शेवगा. परसात काकीचा शेवगा होता, आण्णा पोस्टिंगवर असताना तिने एकटीने लावलेला. सलग चार संध्याकाळ मशीन त्या शेवग्याकडे तोंड करून थांबलं. आण्णांनी निष्कर्ष काढला, शनी शेवग्यामागं दबा धरून बसलाय. काकी मंडईत गेली होती तेवढ्यात माणूस लावून झाड तोडलं. संध्याकाळी सक्सेऽऽस, घुर्रर्र. झाड गेलेल्या जागेतून आता मोबाईलचा टॉवर दिसत होता.

काकी ओरडली नाही. म्हणजे मी ऐकायला गॅलरीत येऊन थांबले होते, पण ओरडलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी वाटी परत द्यायला गेले तर आण्णा जेवत होते.

"आमटीत शेंगा न्हाईत व्हय?" आण्णा म्हणाले.

"हायत की," काकी म्हणाली. "मशीन लावून बघा. समद्या गल्लीला दिसतील."

आण्णांनी मान खाली घालून आमटी ओरपली.

"सक्सेस म्हणा," काकी म्हणाली.

तरी माणूस थांबेल तर शप्पथ! पाटणला त्यांच्या फौजेतल्या दोस्ताने शाळेत कार्यक्रम ठेवला. मला 'फोटू ग्रुपवर टाकायला' म्हणून नेलं. पाटणला ढग असे उतरलेले की समोरचा कोयनेकडचा डोंगर पण दिसत नव्हता. कुणीही म्हणालं असतं, परत कधीतरी. आण्णांनी हँडसेटमधली 'सफर' लावली. म्हणजे मशीन स्वतःच एकेका ताऱ्याकडे फिरत जातं. "आता आपण व्याधावर हावोत!" सगळ्या पोरांच्या माना वर, ढगात. "आता कृत्तिका! सात बहिणी! मोजा!" पोरांनी मोजल्या, आणि टाळ्या वाजल्या. हेडमास्तरांनी शाल दिली. तो फोटो आण्णांच्या व्हॉट्सॲपवर अजून आहे. मागे पांढरं धुकं, पुढे शाल, मधे हँडसेट.

काकीने फोटो बघितला. एवढंच म्हणाली, "शाल तेवढी दिसतीया."

हे ऐकताना आण्णांचा चेहरा मी पहिल्यांदा पडलेला बघितला. हसू आलं नाही मला. बरं, थोडं आलं.

मग आटपाडी. काकीचं माहेर. तिच्या भाचीचं डोहाळजेवण होतं आणि आण्णांनी जीपमध्ये साड्यांच्या आधी दुर्बीण चढवली. "आटपाडीचं आभाळ कोरडं हाय. तितं बघू कसं न्हाई म्हणती." मागच्या सीटवर परत फोटूसाठी मी, माझ्या मांडीवर ती लोखंडी तिपाई, शेजारी काकी ओटीचं सामान धरून.  विट्याजवळ ती म्हणाली, "माझ्या माहेरात तरी नाक जपा."

आण्णा म्हणाले, "आगं, आज सक्सेस हाय."

"रोजच आसतंय," काकी म्हणाली.

दुपारी जेवणं झाली. दिवस बुडाल्यावर घरामागच्या डाळिंबाच्या रानात दुर्बीण लागली. आणि खरंच, काय आभाळ! कुठे दिवा नाही, कुठे ढग नाही. काकीचं सगळं माहेर गोल करून बसलेलं. तिचा भाऊ, शिवाजीमामा, दाजींवर भलता खूश.

"दाजी, तुमच्या त्या यादीत आमची आटपाडी हाय का?"

सासरवाडीत माणूस उदार होतो. "बघू की! आसंल तर तीच लावू."

आण्णांनी हँडसेट दोरीतून काढला, हात लांब केला. अजून लांब केला. लाल अक्षरं काही लागेनात. चष्मा इस्लामपूरला, फ्रिजवर. आणि मेव्हण्यांसमोर ते पोरीला, म्हणजे मला, 'वाच' म्हणणार नाहीत. बायकोला म्हणाले, हळूच. "अगं, जरा बघ, वर काय आलंय. इस्लामपूर आसंल. त्याच्या मागं शोधायचं."

सुधीरदादा कॅनडाला जायच्या आधी नातवाला एबीसीडी शिकवता शिकवता काकी पण इंग्रजी अक्षरं शिकली होती. तिने हँडसेट डोळ्यांजवळ घेतला आणि नातवाला शिकवतात तसं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं.

"आय. यस. यल. ए. यम. ए. बी—"

"पी," आण्णा म्हणाले. "ए न्हाई, पी. इस्लाम-पूर. पी फार पूर."

"ए हाय. मग बी. मग ए. मग डी."

"नीट बघ."

"नीटच बघतीया. मला दिसतंय." काकीने परत वाचलं. "इस्लामा... बाद."

 मग शिवाजीमामा मांडीवर थाप मारून असा हसला की गोठ्यातलं वासरू बिचकलं.

"म्हंजी दाजी! इतकं दिस तुमी पाकिस्तानात उभं राहून बघताय व्हय!"

झालं. अख्खं माहेर सुटलं. "सुभेदारांनी इस्लामाबाद घेतलं!" "अन कुणाला कळू बी दिलं न्हाई!" डोहाळजेवणाची भाची पोट धरून हसत होती आणि तिची आई तिला बस म्हणत होती. मला पण तेव्हाच कळलं सगळं. मशीनला वाटत होतं आपण पार तिकडे वर उभे आहोत, म्हणून त्याचं सगळं आभाळ तिरकं. म्हणून टाकी, म्हणून न्हाणी, म्हणून शेवगा. पहिल्या दिवशी आण्णांनी 'इस्लाम' एवढं वाचलं, छाती फुगली, आणि बटण दाबलं. पुढचं वाचलंच नाही.

आण्णा खाली बांधावर बसले. उभी हयात ज्या बाजूला तोंड करून उभे राहिले, त्याच बाजूच्या गावात स्वतःचं मशीन नेऊन ठेवलं होतं त्यांनी.  त्यांच्या छातीवर हँडसेट नव्हता तर छाती एकदम लहान दिसत होती.

मला वाटलं आता काकी म्हणणार, शेवग्याचं. मला वाटलं म्हणायलाच पाहिजे, एवढा चान्स परत नाही.

काकी भावाला म्हणाली, "दात काढायचं झालं का? च्या ठेव जा." मग हँडसेट आण्णांच्या हातात दिला. "पोरी, तुझ्या त्या फुकटच्या मशीनमधी बघ, शनी कुटं हाय."

मी फोन वर धरला. "तो. पिवळसर. लुकलुकत नाहीये तो."

"आवं, उठा. त्यो बघा त्यो. यादी-बिदी ऱ्हाऊ द्या. नुसतं फिरवायचं बटण न्हाई का त्याला?"

होतं की. चार बाण होते. वर, खाली, डावं, उजवं. आण्णांनी ते कधी दाबलेच नव्हते, तारा मधोमध आणायलाही नळी हातानेच ढकलायचे. ते उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हँडसेटकडे न बघता आभाळाकडे बघितलं, आणि बाण दाबत दाबत, चुकत, पुढे जात, मागे येत, नळी त्या ठिपक्याकडे नेली. वाकले. एक बाण दाबला. अजून एक. मग हात थांबला.

आम्ही वाट बघत होतो सक्सेऽऽसची.

काहीच नाही. माणूस वाकलेलाच. मग सरळ झाले, बाजूला झाले, आणि काकीला नुसतं हाताने दाखवलं, ये.

काकीने डोळा झाकला, वाकली. लय वेळ.

आण्णा विचारत पण नव्हते. मी विचारणार होते, पण त्यांनी मला हाताने गप्प केलं.

"हाय," काकी म्हणाली.

"काय हाय?" आण्णांचा आवाज पार बारीक.

"बोराला बांगडी घातल्यावाणी. मधी बोर, भवतीनं बांगडी. कुटं बी टेकत न्हाई." ती अजून बघतच होती. "आधी न्हवतं हे. आता हाय."

आण्णांनी रुमाल काढून नाक शिंकरलं आणि "दव लय पडतंय हितं" म्हणाले. आटपाडीत. दव.

आता तुम्हाला वाटेल माणूस सुधारला. छे. गावाला आले आणि अजून वाईट झाले. आधी 'दिसलं' म्हटलं की सुटका होती. आता गच्चीवर कोर्ट मार्शल! पोपटकाकांना पहिल्याच दिवशी धरलं.

"दिसलं?"

"दिसलं की! काय तेज!"

"कडं कुठल्या बाजूला वाकलंय?"

"आं?"

"डावीकडं का उजवीकडं?"

"...दोन्हीकडं?"

"खोटं! रांगेच्या शेवटी!" पोपटकाका तीनदा शेवटी गेले आणि तिसऱ्यांदा खरंच दिसल्यावर "आयला!" एवढंच म्हणाले. आण्णांनी पास केलं. 'आयला' खरा असतो म्हणे.

परसात काकीने शेवग्याची नवी फांदी खोचली आहे. तिला पाणी घालायची ड्युटी आण्णांची. टॉवर झाकायला अजून वेळ आहे.

मला साताऱ्याला नोकरी लागली. निघायच्या सकाळी बॅग घेऊन स्टँडकडे चालले होते तर समोरून आण्णा दुधाची किटली घेऊन. हँडसेट गळ्यात. पण वेगळा दिसत होता. आता त्याच्यात गावाचं नाव नव्हतं, कारण इस्लामपूर यादीत नाहीच, नुसते अक्षांश-रेखांशाचे आकडे घालावे लागतात. मी आणि सुधीरदादाने फोनवर बसून घातले होते. आकड्यांवर कशी बढाई मारणार? म्हणून आण्णांनी हँडसेटच्या पाठीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि त्यावर बॉलपेनने, मराठीत, ठळक लिहिलं होतं: इस्लामपूर.

त्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात, जरा वाकडं: आटपाडी.

"हे कुणी लिहिलं, आण्णा?"

"बाईमाणूस हाय घरात. लिवती कायबाय." आणि पट्टीवरून अंगठा फिरवला, पुसलं तर जात नाही ना ते बघायला.

म्हटलं, "मग साताऱ्याचं पण लिहा की. मी चाललेय तिकडे."

मला वाटलं आता वकीलसाहेबांवरून काहीतरी येणार. आण्णांनी हँडसेट उलटा केला, हात लांब केला, मग चक्क खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. भर रस्त्यात, पोपटकाकांच्या दुकानासमोर. उरलेली जागा अंगठ्याने मोजली.

"जागा हाय," म्हणाले. "पर आधी तितनं बघ. खरंखरं दिसलं तर फोन कर. मग लिवतो."